अक्काला आणायला भोपाळला

या ब्लॉगवर मी सहसा घाट, धबधबे आणि मिसळ यांच्यावर लिहिते. यावेळी तसलं काही नाही, आधीच सांगून ठेवते. भोपाळला जाऊन मी सांची पाहिलं नाही की भीमबेटका पाहिलं नाही. ज्यांना त्याची माहिती हवी असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, मी मुळीच रागावणार नाही. मी माझ्या बहिणीला आणायला गेले होते.

बहीण म्हणजे अक्का. घरचं नाव विमल. आम्ही मूळचे संगमनेरकडचे कॅथलिक, आता नाशिक रोडला राहतो. अक्का विशीत असताना भोपाळच्या एका मठात गेली आणि तिथलीच झाली. सिस्टर म्हटलं की लोकांना शाळेतली पट्टी आठवते, नाहीतर दवाखान्यातली सुई. अक्काच्या मठातल्या सिस्टर्स शाळाही चालवत नाहीत आणि दवाखानाही नाही. त्या आत राहतात. पहाटेपासून ठरलेल्या वेळांना प्रार्थना करतात, मधल्या वेळात भाजीचे वाफे बघतात आणि आसपासच्या चर्चेससाठी कम्युनियनच्या, म्हणजे प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात त्या पांढऱ्या, पातळ चकत्या भाजतात. बाहेर पडत नाहीत. आमचे बाबा गेले तेव्हाही ती आली नव्हती, कारण तेव्हा नियमच तसा होता. आता तो सैल झालाय, आईवडील आजारी असतील तर वरिष्ठ सिस्टरच्या परवानगीने घरी जाता येतं, असं आमच्या फादरनीच मला सांगितलं.

आणि आईची आठवण पुसत चाललीय. गॅस बंद केला का, जेवण झालं का, आज वार कोणता, हे सगळं केव्हाच गेलं. मला कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी मावशीच्या. पण रोज संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की विचारते, "विमल आली का?" मी म्हणते, येईल. हे नाव तिच्या डोक्यातून निघून जायच्या आत अक्काने येऊन तिच्यासमोर बसावं, एवढंच मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, एवढंच नव्हतं. चार दिवस तरी आईच्या हाकेला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी उठावं, हेही हवं होतं. म्हणून मी जातानाचं एक तिकीट काढलं आणि येतानाची दोन. आईला शेजारच्या मार्थामावशींच्या भरवशावर सोडलं आणि निघाले.

नाशिक रोडहून भोपाळला जायला रात्रीची गाडी सगळ्यात सोयीची. जेवून चढायचं, झोपायचं, इटारसीला चहावाल्याच्या आरोळीने जागं व्हायचं. पुढे नर्मदेचा पूल लागतो. मी काच पुसून पुसून पाहिलं, पण जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं की नदी आहे हे फक्त पुलाच्या आवाजावरून कळलं. उतरायचं राणी कमलापती स्टेशनला. स्टेशन आता विमानतळासारखं चकचकीत केलंय, पण रिक्षावाले अजून हबीबगंजच म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा. नेहरू नगरपर्यंत रिक्षावाल्याने दोनशे सांगितले आणि दीडशेवर आला. "अपन को क्या मैडम, सुबह-सुबह किच-किच नहीं करना," म्हणाला. हा 'अपन' भोपाळमध्ये जिथे तिथे भेटतो. ऐकायला बरा वाटतो, समोरच्यालाही आपल्यात ओढून घेतो.

नेहरू नगरमध्ये माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची काकू राहते. काका मूळ नागपूरचे, सरकारी नोकरीसाठी इकडे आले, निवृत्त होऊन इथेच राहिले. काकूंचं मराठी म्हणजे हिंदीच्या फोडणीचं वरण. "तू आधी नहाऊन घे, गीजर लावलाय. मग नाश्ता. इतकी ठंड आहे, आणि स्वेटर एवढुसं?" नाश्त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातले पोहे आणि जिलबी आली. पोह्यांवर शेव आणि जिरावन नावाचा आंबटतिखट मसाला. इकडे पोहे आणि जिलबी एकाच घासात खातात. मला वाटलं होतं नाही आवडणार, पण दोन प्लेटी खाल्ल्या. ज्या कामाला आले होते त्याची भीती पोटात असली की मी खातेच.

काकूंना मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी चहा ओतता ओतता विचारलं, "म्हणजे तिला जबरदस्तीने ठेवलंय का तिथे?"

"नाही हो. तिची ती गेली."

"मग कठीण आहे," काकू म्हणाल्या. "जबरदस्ती असती तर पोलिसात जाता आलं असतं."

काका पेपरातून हसले. काकू हसत नव्हत्या. त्यांचा मुलगा टोरांटोला असतो.

मठ शहराबाहेर आहे, कोलार रस्त्याने जावं लागतं. नेमका पत्ता देत नाही, ते काही बघायचं ठिकाण नव्हे. मोठा रस्ता झकास आहे, शेवटचा तुकडा खडीचा. उंच भिंत, लोखंडी फाटक, दोरी ओढायची घंटा. दार उघडणारी सिस्टर झारखंडची होती, बाहेरच्या माणसांशी बोलायचं काम तिच्याकडे. मी म्हटलं, विमलला भेटायचंय. ती विचारात पडली. या नावाची कोणी नाही म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं. आत जाताना नाव बदलतात, सासरी जाताना पूर्वी बदलायचे तसं. मी फोनवरही अक्का, अक्का करत आले, त्यामुळे तिचं नवं नाव जिभेवर कधी बसलंच नाही. "सिस्टर करुणा," मी म्हटलं तेव्हा फाटक पुरतं उघडलं.

भेटीच्या खोलीत मधोमध लाकडी जाळी आहे. अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. भिंतीत एक गोल फिरतं कपाट, त्यात वस्तू ठेवायची आणि फिरवायचं, की ती पलीकडे जाते. मी त्यात आईची तपकिरी शाल ठेवली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला आणि फिरवलं. पलीकडून कोणीतरी ते उचलल्याचा आवाज आला. मग अक्का येऊन बसली.

तिचे केस तर दिसत नाहीतच. चेहरा मात्र अगदी आईचा झालाय. मला रडू आलं. तिने जाळीतून बोटं बाहेर काढली, ती मी धरली. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग होते.

"किती दुबळी झालीस गं सुनी," ती म्हणाली.

"दुबळी नाही, बारीक म्हणतात. मराठी विसरलीस."

"कोणाशी बोलणार? इथे केरळच्या, झारखंडच्या. सगळी हिंदीच. मी नव्या मुलींना शिक्षा देते ना, ती पण हिंदीतच."

"शिक्षा देतेस? काय करतात बिचाऱ्या?"

तिला दोन क्षण कळलं नाही. मग कळलं आणि ती हसली, अगदी घरच्यासारखी, पाठ वाकवून. शिकवते म्हणायचं होतं तिला. त्या हसण्यावर मी गाडी रुळावर आली असं समजले. तिचं 'आमचं आमचं' चाललं होतं. आमची खोली, आमचा रुमाल, आमची चप्पल तुटली. मी विचारलं, एका चपलेत किती जणी पाय घालता? तर म्हणाली, इथे माझं असं काही म्हणायचंच नाही, रिवाज आहे. गरिबीचं व्रत घेतलंय, तर साधा रुमालसुद्धा सगळ्यांचा. "मग दातही आमचेच का गं?" म्हटलं, तर पुन्हा हसली. "दात दुखला तर सगळ्यांना ऐकावं लागतं, म्हणजे आमचाच झाला."

मग ती एकदम गंभीर झाली. "सुनी, आमची आई आता उठत नाही. घास भरवावा लागतो. गिळताना ठसका लागतो तेव्हा जीव घाबरतो."

मी चकित झाले. हिला हे कोणी कळवलं? आणि आई तर उठते, धरून धरून का होईना चालते. त्यातून तो शब्द कानाला टोचला. सख्ख्या बहिणीला कोणी 'आमची आई' म्हणतं का? म्हटलं, "अक्का, रुमाल आमचा ठीक आहे. आईला तरी आपली म्हण."

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही गं. आपली नाही. आमची."

ती त्यांच्या म्हाताऱ्या मदरबद्दल बोलत होती. अक्का आत गेली तेव्हा त्या तिथल्या प्रमुख होत्या. आता अंथरुणाला खिळल्यात. म्हणजे तिचं मराठी अगदी बरोबर होतं. मीच त्या 'आमची'त नव्हते.

मला फार लागलं ते. लागलं म्हणून मी आडपडदा न ठेवता विचारून टाकलं. आई रोज तुझं नाव घेते, अजून घेते, उद्याचं सांगता येत नाही. नियम आता सैल झालाय. मी तुझं तिकीट काढून आणलंय. येतेस का?

अक्का खाली बघत होती. "सुनी, मला तर वाटतं," ती म्हणाली, आणि आत कुठेतरी घंटा वाजली. ती तिथेच थांबली. उठली. जाळीतून माझ्या बोटांना बोट लावलं आणि निघून गेली. मी बसूनच राहिले. झारखंडची सिस्टर आली आणि समजावून सांगू लागली, घंटा म्हणजे देवाची हाक. लिहीत असाल तर हातातलं अक्षरसुद्धा पुरं करायचं नाही, जिथल्या तिथे सोडायचं. मी म्हटलं, फार सोयीचा देव आहे. तिला बहुतेक ऐकू आलं, पण तिने प्रार्थनेच्या वेळा सांगून उद्या मिस्साला, म्हणजे सकाळच्या उपासनेला, यायला सांगितलं.

संध्याकाळी काका मला बड्या तलावावर घेऊन गेले. भोपाळला येणाऱ्यांनी तलाव चुकवू नये असं सगळे लिहितात, मीही लिहिते. पाणी राखाडी होतं, आभाळही तसंच, पलीकडचा काठ दिसत नव्हता. भाजलेलं कणीस घेतलं आणि अर्धं टाकून दिलं. 'मला तर वाटतं'च्या पुढे काय असेल, हेच डोक्यात घोळत होतं. मला तर वाटतं यावं. मला तर वाटतं परवानगी मिळणार नाही. माणसाने बोलायला लागावं तर पुरतं बोलावं.

दुसऱ्या दिवशी मिस्साला पाचसात माणसं होती. सिस्टर्स वेदीच्या बाजूच्या जाळीआड. गाणं सुरू झालं. अक्काचा आवाज गावाकडच्या चर्चमध्ये सगळ्यात वर चढायचा, फादर डोळे मोठे करायचे. मी कान देऊन ऐकलं. इथे सगळ्यांचा मिळून एकच बारीक आवाज होता, त्यात तिचा वेगळा काढता येईना. कम्युनियनला गेले तेव्हा जिभेवरची ती चकती कदाचित तिनेच भाजलेली असेल, असं मनात आलं. त्या क्षणी मला देवाबद्दल भक्ती वाटली नाही. राग आला, की हा हिचं सगळं घेतो, आवाजसुद्धा.

मिस्सानंतर वरिष्ठ सिस्टर भेटल्या. केरळच्या, चष्म्यातून थेट बघणाऱ्या. मी विनंती करायला तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "परमिशन तो मैंने कब की दे दी है। मैंने खुद बोला, जाओ। वो ही नहीं जाती।" आणि वळता वळता, "आपका शॉल बहुत गरम है। उसने बड़ी मदर को ओढ़ाया है।"

अक्का येऊन बसली तेव्हा मी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "आईची शालसुद्धा तुला वाटून टाकावीशी वाटली?"

"आमच्या आईला थंडी वाजते गं."

"आणि आपल्या आईला?"

ती आपल्या भाजलेल्या बोटांकडे बघू लागली.

"तुमच्या आईला तू भरवतेस. आपल्या आईला कोण भरवतं, विचारलंस एकदा तरी?"

"तू भरवतेस," ती म्हणाली. "तिला तू आहेस, सुनी. यांना मागे कोणी नाही. माझ्या हातूनच खातात."

मला संताप आवरेना. मी म्हटलं, हे बरं आहे. देवाला वाहून घेतलं की घरच्यांचं करायला घरचे, आणि पुण्य तुमचं. बाबांच्या वेळी नियम होता, आता नियम नाही तर म्हातारी आहे, उद्या म्हातारी नसेल तर वाफ्यातली मेथी असेल. यायचं नाही तर तसं सांग, देवाला मध्ये घालू नकोस. आवाज चढला होता माझा. दाराबाहेर झारखंडच्या सिस्टरची पावलं थबकली आणि पुढे गेली.

अक्काने जाळीवर कपाळ टेकवलं. लाकडाची नक्षी तिच्या कपाळावर उमटेल, असं मला उगाचच वाटलं.

"काल बोलत होते ते पुरं करते," ती म्हणाली. "मला तर वाटतं, मी आले तर परत यायची नाही."

मी खुर्ची जाळीजवळ ओढली.

"आईला पाहिलं की मी तिथेच बसेन. उठणार नाही. मला माहितीये मी कशी आहे. इतकी वर्षं मी इथे घर विसरून राहिले असं तुला वाटतं. विसरले असते तर कधीच येऊन गेले असते, चार दिवस राहिले असते, पेढे वाटले असते. ज्या विसरल्यात त्या जाऊन येतात."

"मग नको परत येऊस," मी म्हटलं. आता मी रडत होते. "राहा ना. कोण अडवणार आहे तुला? तुझी खाट अजून तिथेच आहे."

"मी शब्द दिलाय गं."

"आईला नव्हता दिलास?"

"नाही," अक्का म्हणाली. "आईला द्यायचा राहिला. ती माझी आईच होती, तिला शब्द कशाला द्यायचा."

'माझी' म्हणाली ती. तिला कळलंही नसेल. मी सांगितलं नाही. मग तिने कपाट फिरवलं. कागदात बांधलेलं एक हलकं पुडकं आलं. चकत्या कापून झाल्या की पापडासारख्या पातळ पोळीच्या कडा उरतात, त्यांच्यावर काही मंत्रलेलं नसतं, नुसतं मैदा आणि पाणी. संगमनेरला आम्हा पोरांना सिस्टर्स त्या खाऊ म्हणून द्यायच्या. "आईला दे," अक्का म्हणाली. "जिभेवर ठेवलं की विरघळतं, ठसका लागत नाही. आमच्या आईला मी हेच..." आणि घंटा वाजली.

ती उठली. दारापाशी एकदा वळून बघेल असं मला वाटलं होतं. वळली नाही. मला आता कळतं की वळता आलं नसतं.

काकूंनी डबा बांधून दिला, पुरी आणि बटाट्याची कोरडी सब्जी. "पुन्हा ये, बेटा," म्हणाल्या, आणि त्यांनी मला नको तितका वेळ धरून ठेवलं. गाडीत माझ्या समोरचा खालचा बर्थ रिकामा होता. टीसी आला, नाव वाचलं, विमल कोण? मी म्हटलं, आल्या नाहीत. त्याने खूण केली आणि खांडव्याला एका बाईला तो दिला. बाईच्या मांडीवर मूल होतं. ती मला म्हणाली, बरं झालं, जागा मिळाली. मीही म्हटलं, बरं झालं.

भोपाळला जाणाऱ्यांसाठी सांगायचं तर: हिवाळ्यात जाड स्वेटर न्या, हबीबगंजलाच उतरा, पोहे सकाळी लवकर खा, नंतर संपतात. मठात कोणाला भेटायचं असेल तर आधी घंटेच्या वेळा विचारा. आणि त्यांचं आतलं नाव पाठ करून जा.

घरी आले तर मार्थामावशी म्हणाल्या, शांत होत्या, काही त्रास दिला नाही. संध्याकाळी मी आईच्या हातात जपमाळ दिली आणि वाट पाहत बसले. काय सांगायचं ते गाडीत ठरवून आले होते. पण "विमल आली का?" हे तिने विचारलंच नाही. माळ संपली, तरी नाही. मला वाटलं, गेलं. दोन दिवसांनी हुकलं.

मी पुडकं सोडलं, एक कड मोडली आणि तिच्यासमोर धरली. आईने पाहिलं. कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि जीभ पुढे केली. हे तसलं नाही गं, असं सांगायचं मी टाळलं. जिभेवर ठेवलं. तिला ठसका लागला नाही. बराच वेळ ती डोळे मिटून बसली होती, मग उघडले आणि माझ्याकडे पाहून हसली, पाहुण्या बाईकडे पाहून हसतात तशी.

"आमची मुलगी बनवते हे," ती म्हणाली. "विमल. भोपाळला असते, देवाच्या घरी. तुम्ही कुठल्या, बाई?"

"इथलीच," मी म्हणाले, आणि दुसरा तुकडा मोडला.